काय हशील?

मार्च एंडची गडबड असूनसुद्धा एक दिवस रजा टाकली आणि तात्यांना घेऊन तालुक्याला गेले. आजी गेल्यावर वारसनोंद करायची राहून गेली होती, तिच्या नावावर खटाव भागातलं दीड एकर शाळवाचं रान आहे, तात्यांचं वय आता चौऱ्याहत्तर, म्हटलं आता हे काम मागं टाकायला नको. सकाळी साताऱ्यातनं एसटी धरली, पोचलो तर साहेब मीटिंगला गेलेले, तीननंतर या म्हणाले. मग बाहेर लिंबाखालच्या बाकड्यावर बसलो दोघं. ऊन असं की लिंबाखालीसुद्धा झळा लागत होत्या. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, घाम पुसला आणि म्हणाले, "एवढ्या उनाचं यिऊन काय हशील झालं गं?"

हे वाक्य मी जन्मापासून ऐकतेय. पाऊस गेल्यावर खत टाकून काय हशील, पाहुणे उठून गेल्यावर चहा करून काय हशील, तात्यांच्या तोंडात दिवसातनं चारदा तरी असतंच. पण त्या दिवशी माझं लक्ष समोरच्या पाट्यांकडे होतं, वरच्या मोठ्या पाटीवर लिहिलेलं "तहसील", खाली भिंतीवरच्या फलकावर "महसूल", आणि कानात तात्यांचं "हशील". तिन्ही शब्दांत ह, मग स किंवा श, मग ल, त्याच क्रमानं. मी टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात कामाला आहे, दिवसभर रिटर्न भरत बसते, महसूल हा शब्द माझ्या डोळ्यांसमोरनं किती वेळा जात असेल, पण तो तात्यांच्या हशीलचा सख्खा भाऊ असेल असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. काम त्या दिवशी झालं, साडेचारला अर्ज घेतला त्यांनी, पण मी परत येताना एसटीत सगळा वेळ तेच तीन शब्द घोळवत होते.

आमच्या पेठेत शेजारी एक चाचा राहतात, बावीस वर्षं शारजाला होते, आधी गवंडीकाम मग सुपरवायझर, आता रिटायर होऊन नातवंडांत रमलेत. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, चाचा, ह-स-ल वरनं अरबीत काय काय शब्द आहेत? ते आधी हसले. म्हणाले, "पोरी, मी तिथं गेल्यावर पहिला शब्द शिकलो तो हाच." त्यांचा पहिल्या आठवड्यातला मुकादम त्यांना सारखा गोडाऊनमधनं काही ना काही आणायला पाठवायचा आणि ते बाहेर आले की विचारायचा, "हस्सल्त?" म्हणजे मिळालं का, सापडलं का. आणि नाही मिळालं तर म्हणायचं "मा हस्सल्त". चाचा म्हणाले, पहिले दोन महिने माझं अरबी म्हणजे एवढंच होतं, मा हस्सल्त, मा हस्सल्त, नाही गावलं.

म्हणजे मिळणं, हाती येणं. आता तात्यांचं वाक्य परत म्हणून बघा, काय हशील झालं, म्हणजे हाती काय आलं. उर्दूत तर लाहासिल असा शब्दच आहे, ज्यातनं काही हाती येत नाही ते.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी रात्री जेवण झालं की मोबाईलवर कोश उघडून बसायचे. अरबी मला येत नाही, लिपीतली अक्षरं चाचांनी ओळखायला शिकवलीत तेवढीच, पण अरबीची जी रचना आहे ती एकदा कळली की आपल्या मराठीतले कितीतरी शब्द एकदम वेगळे दिसायला लागतात आणि मला खरंच वाटतं की हे शाळेत एका तासात तरी शिकवायला पाहिजे. अरबीत बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजनं असतात. संस्कृतात धातू असतो ना, कृ पासून कर्ता, कर्म, कार्य, कृती, थोडं तसंच, फक्त इथं तीन व्यंजनं पक्की आणि त्यांच्या मधले स्वर, पुढचं मागचं एखादं अक्षर, हे ठरलेल्या साच्यांप्रमाणे बदलतं. साचा ओळखीचा झाला की अर्थाचा अंदाज येतो. हासिल हा जो साचा आहे, पहिल्या अक्षराला काना आणि दुसऱ्याला वेलांटी, तो करणाऱ्याचा साचा. शायर त्यातलाच, ज्याचा आपण शाहीर केला. गाफील, जालीम, हाकीम सगळे त्याच साच्यातले. महसूल हा दुसरा साचा, आधी म आणि शेवटच्या अक्षराआधी ऊ, हा कर्माचा, ज्याच्यावर क्रिया झाली त्याचा. मंजूर, मालूम, मजकूर, मशहूर. मंजूर म्हणजे ज्याच्यावर नजर फिरली ते, मंजूर आणि नजर एकाच मुळाचे, आणि नीट बघितलं तर न, ज, र दोन्हीत दिसतात. मजबूत आणि जप्त एकाच मुळाचे आहेत हे कळलं त्या रात्री मी आईला उठवून सांगितलं. घट्ट धरून ठेवणं हा मूळ अर्थ, सरकारनं धरलं तर जप्त, आपण होऊन घट्ट राहिलं तर मजबूत.

आणि तिसरा साचा तहसीलचा. आधी त आणि शेवटच्या अक्षराआधी ई. एखादी गोष्ट घडवून आणणं, मुद्दाम करणं. तपशील, तजवीज, तारीख, आणि माझा सगळ्यात आवडता, तालीम. अरबीत तालीम म्हणजे शिकवणं, मालूमच्या मुळातनंच आलेला, एखाद्याला मालूम करून देणं म्हणजे तालीम. आपल्याकडं कराड, सांगली, मिरजेला कुणालाही विचारा तालीम म्हणजे काय, तो तुम्हाला लाल मातीचा हौदा दाखवेल. खाशाबा जाधव ज्या गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीवरनं ब्राँझ घेऊन आलेले, तिथं पोराला तालमीत घालणं म्हणजे शाळेत घालणं नव्हे. पण शब्दाचा अर्थ तसा सुटलेला नाहीच, वस्ताद शिकवतो आणि पोरगं शिकतं.

तर तहसील म्हणजे हाती येईल असं करणं, गोळा करणं, आणि ते काम सांभाळणारा तो तहसीलदार, त्यातला दार फारसी. आमच्याकडं जुनी माणसं अजून मामलेदार म्हणतात, मुंबई इलाख्यात त्या पदाचं नाव मामलेदारच होतं. मामला, अंमल, अंमलदार ही परत वेगळ्या मुळाची भावंडं, त्यांच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल इतकं आहे.

पण गोळा करणं एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. रागिब इस्फहानी नावाचा एक कोशकार होऊन गेला, साधारण हजार वर्षांमागचा, त्यानं कुराणातल्या शब्दांचे अर्थ लिहून ठेवलेत. तो तहसीलचा अर्थ देताना म्हणतो की सालीतनं गर काढणं, खाणीतल्या दगडातनं सोनं काढणं, आणि भुसकटातनं गहू काढणं. मी ते वाचलं आणि मोबाईल खाली ठेवला. भुसकटातनं गहू! म्हणजे ह्या शब्दाच्या मुळाशी कचेरी नाहीच, खळं आहे.

जुनं खळं मी लहानपणी बघितलेलं आहे, आमच्यात मळणीचं मशीन उशिरा आलं. खळ्याची जागा आधी पाणी मारून चोपून घ्यायची, मग शेणानं सारवायची, मधोमध तिवडा रोवायचा आणि त्याच्याभोवती बैलांची पात फिरायची कणसं तुडवत. आजोबा बैलांच्या मागनं फिरायचे, आणि मग वाऱ्याचा अंदाज घेऊन उफणायला उभे राहायचे. सूप डोक्याच्या वर धरून हळूहळू हलवायचं, दाणा सरळ पायापाशी पडतो आणि भुसकट वाऱ्याबरोबर लांब जाऊन पडतं. वारा पडला की थांबायचं, नुसतं उभं राहायचं सूप धरून, कुणी बोलायचं नाही. रास झाली की मापायची, आणि पहिलं माप टाकताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. बलुतेदार राशीपाशी आलेले असायचे, त्यांचं त्यांचं बलुतं तिथंच खळ्यावर द्यायचं, घरी नेल्यावर नाही.

आता हा पहिला "लाभ" आणि अरबीतला "हासिल" ह्यात अर्थाचा काय फरक आहे सांगा. मला तरी दिसत नाही.

अरबी कोशात अजून एक शब्द सापडला, हुसाला. धान्य उफणून चाळून रास उचलून नेल्यावर खळ्याच्या जमिनीवर जे मागं राहतं ते. आपल्याकडं त्याला मातेरं म्हणतात, मातीत मिसळलेलं धान्य. मला हे इतकं अचूक जुळेल असं वाटलं नव्हतं, कुठं तिकडचं अरबस्तान आणि कुठं आमचं खटाव, पण धान्य झाडून नेल्यावर जे खाली उरतं त्याला एक वेगळं नाव पाहिजे असं दोन्हीकडच्या शेतकऱ्याला वाटलं. आणि जनावरानं चरताना माती खाल्ली आणि ती पोटात साचून राहिली, तर त्या दुखण्यालासुद्धा अरबीत ह्याच मुळातनं क्रियापद आहे. आत साचून राहणं. ते कळल्यावर मला मुळाचा गाभा थोडा जास्त नीट समजला, गाळून, चाळून, शेवटी जे एका जागी साठतं, मग ते चांगलं असो वाईट असो.

आता खरी गोष्ट सांगते जी मला लिहायची होती. अरबीत आजसुद्धा महसूल म्हणजे पीक. शेतातनं निघालेलं उत्पन्न. खजुराचा महसूल, गव्हाचा महसूल असं म्हणतात, आणि तो शेतकऱ्याचा असतो. तुर्कीतसुद्धा महसूल म्हणजे पीकच, उत्पादनच. आणि आपल्याकडं महसूल म्हणजे काय, तर सरकारचं येणं. शब्द तोच, तो फक्त खळ्याच्या एका टोकावरनं दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. कसा गेला ते समजायला अवघड नाही. हे शब्द आपल्याकडं अरबांकडनं थेट आलेच नाहीत, फारसी कारभारातनं आले, बहामनी, मग विजापूरची आदिलशाही, आपला सगळा सातारा, मिरज, सांगलीचा भाग त्यांच्याच अमलाखाली होता. कारकुनाच्या दृष्टीनं पिकाचा जो भाग त्याच्या वहीत चढतो तेवढाच महसूल. बाकी पिकाशी त्याला काय करायचंय. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यानं हा शब्द फक्त कारकुनाच्या तोंडूनच ऐकला, आणि ऐकला तेव्हा त्याचा अर्थ एकच होता, आता ह्यातलं काही द्यावं लागणार.

शिवाजी महाराजांनी कारभारातले फारसी-अरबी शब्द बदलून संस्कृत शब्द आणायचा मोठा प्रयत्न केला, रघुनाथ पंडितांकडनं राज्यव्यवहारकोश करवून घेतला, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, डबीराचा सुमंत झाला. पण महसूल हा शब्द गेला नाही. आज जमिनीचा कायदा आहे त्याचं नावच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, एक ऑगस्टला महसूल दिन असतो, आमच्या गावचे तलाठी भाऊसाहेब आता ग्राम महसूल अधिकारी झालेत. मला शब्द राहिल्याचं वाईट वाटत नाही, चारशे-पाचशे वर्षं वापरलेला शब्द आपलाच होतो. फक्त त्याच्या पोटात आधी पीक होतं हे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

जुन्या कागदांत मोहसल असा एक शब्द येतो. वसुलीसाठी पाठवलेला माणूस. बाकी थकली की मोहसल दारात येऊन बसणार, आणि तो असेपर्यंत त्याचा खर्च त्याच थकलेल्या घरावर. अरबीत मुहस्सिल, तहसील करणारा. कल्पना करा, दुष्काळाचं साल, माण-खटावात पाऊस नाही, आणि दारात मोहसल. हा शब्द नुसता उच्चारला तरी त्या काळी घरातल्या बायांच्या पोटात गोळा येत असणार.

आणि हाच्या हाच शब्द इराणात आज काय अर्थानं वापरतात माहितीये? मोहस्सेल म्हणजे विद्यार्थी. शाळेत जाणारं पोर. मी दोन-तीन ठिकाणी तपासून बघितलं कारण माझा विश्वास बसेना. फारसीत तहसील म्हणजे शिक्षण घेणं, तहसीलात म्हणजे शिक्षण, आणि तुर्कीतसुद्धा तहसील म्हणजे शिक्षण हा अर्थ आहे, वसुली हा पण आहे. तुर्कीत तहसीलदार आहे आणि तो कर गोळा करणाराच आहे, आणि त्याच तुर्कीत एखाद्याचं तहसील विचारलं तर त्याचं शिक्षण किती झालं असं विचारलेलं असतं. ज्ञान हाती यावं म्हणून केलेली मेहनत, फोलपटातनं दाणा वेगळा करणं, तो रागिबचा अर्थ इथं किती सरळ उतरलाय.

आता साताऱ्याच्या माणसाला ह्यावर एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. रयत. रयत हा शब्दसुद्धा अरबीच, चारणे ह्या मुळातला, ज्याला राखायचं चारायचं तो कळप म्हणजे रयत, आणि राजा म्हणजे राखणारा. आपल्याकडं रयत आणि तहसील हे दोन शब्द शेजारी आले की शेकडो वर्षं त्याचा अर्थ एकच होत होता, रयतेकडनं वसुली. इंग्रजांनीसुद्धा रयतवारी आणली ती सारा रयतेकडनं थेट घेता यावा म्हणूनच. आणि मग १९१९ साली कराडजवळ काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी संस्था काढली तिचं नाव ठेवलं रयत शिक्षण संस्था. हे नाव आपण इतकं रोज ऐकतो की त्यात काय आहे ते दिसत नाही. पण इराणी माणसाला हे नाव समजावून सांगायचं तर कसं सांगाल, रयतेचं तहसील! तेच दोन शब्द, आणि अर्थ पार उलटा. ज्यांच्याकडनं कायम घेतलंच गेलं त्यांच्या हाती काहीतरी यावं म्हणून.

तात्या रयतच्याच शाळेत शिकलेत, कमवा आणि शिका मध्ये, सुट्टीत संस्थेच्या शेतावर राबून फी भागवलेली. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अण्णांना ठाऊक असंल का गं हे?" मला नाही वाटत कर्मवीर अण्णांना ठाऊक असेल. त्यांनी मुळं शोधत बसून नाव ठेवलं नसणार, माणसं बघून ठेवलं असणार. पण तात्यांना तो प्रश्न पडला ह्याचंच मला इतकं बरं वाटलं.

मध्येच एक सांगायचं राहिलं, कारण मी स्वतः आधी चुकले होते. वसूल हा शब्द ह्या मुळातला नाही. महसूल वसूल केला असं आपण इतक्या सहज एका दमात म्हणतो की दोन्ही एकाच घरातले वाटतात, पण वसूलचं मूळ व-स-ल, पोचणं. पैसे पोचले म्हणजे वसूल. उर्दू गझलेत प्रेमिकांची भेट होते तो वस्ल तिथलाच, आणि आपण एखाद्या गोष्टीची वासलात लावतो ती वासलातसुद्धा तिथलीच, मुळात जमा झालेल्या रकमांचा शब्द. भेट, वसुली आणि वासलात एका घरात, कमाल आहे. तसंच हौस आणि हौसला, हे पण एक वाटतात पण नाहीत. हौस हवस पासून. हौसला मात्र आपल्या ह-स-लच्या घरातला आहे, आणि त्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली.

पक्ष्याच्या गळ्याखाली जी पिशवी असते ना, टिपलेला दाणा आधी जिथं साठतो, तिला अरबीत हौसला म्हणतात. बस, एवढाच अर्थ. दाणा साठायची जागा. तिथनं फारसीत गेला आणि किती साठवता येतं, किती पेलता येतं, असा अर्थ झाला. इराणात आजही हौसेले म्हणजे धीर, सोसायची ताकद, एखाद्याला कंटाळा आला तर माझा हौसेले संपला असं म्हणतो. आणि उर्दू-हिंदीत आला तो हिंमत म्हणून. आपण पोरांना सांगतो हौसला ठेव, त्यात एका पाखराची दाण्यानं भरलेली गळ्याखालची पिशवी आहे. मला हिंमतीचं ह्याच्याहून खरं चित्र माहीत नाही. उद्यासाठी आत काहीतरी साठवलेलं असलं की माणूस टिकतो.

हे चाचांना सांगायला गेले तर ते आत गेले आणि कपाटातनं एक पत्र्याचा डबा घेऊन आले, गोल, वर चीर पाडलेली, अरबी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं, रंग उडालेला. "ही हस्साला," म्हणाले. पोरांची पैसे साठवायची डबी, आपण गल्ला म्हणतो ती. त्यांच्या मोठ्या मुलीसाठी तिकडनं आणलेली, ती आता पुण्याला असते, दोन पोरांची आई आहे. डबा हलवला तर आत काहीतरी वाजलं. एक दिरहमचं नाणं आणि आपले चार आणे, चार आणे तर चलनातनं जाऊन किती वर्षं झाली. चाचा म्हणाले मी दर दोन वर्षांनी यायचो, आलो की तिच्या डब्यात एक नाणं टाकायचो, ती मोजून ठेवायची मी किती वेळा आलो ते. मग तिनं मोठी झाल्यावर सगळी काढून घेतली आणि ही दोन राहू दिली.

मग त्यांनी मला कुराणातली एक आयत म्हणून दाखवली. हे मूळ कुराणात फक्त एकाच ठिकाणी आलंय, शंभराव्या सूऱ्यात, अल-आदियात. सुरुवातीला धापा टाकत धावणारे घोडे, खुरांतनं उडणाऱ्या ठिणग्या, पहाटेचा हल्ला, उडालेली धूळ, आणि मग शेवटाकडं "व हुस्सिल मा फिस्सुदूर", छातीत जे काही आहे ते बाहेर काढलं जाईल. म्हणजे शेवटच्या दिवशी माणसाच्या मनाचंच तहसील होणार, उफणून, दाणा वेगळा भुसकट वेगळं. चाचा रोज नमाज पढणारे, ही सूरा त्यांना लहानपणापासून पाठ, पण म्हणाले की ह्यातला हुस्सिल आणि आपल्या कचेरीवरची तहसील एक, हे माझ्या डोक्यात आजपर्यंत नव्हतं आलं. मग दोघंही जरा गप्प बसलो.

बाकी हे मूळ कुठं कुठं गेलंय ते लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही. अरबी गणितात बेरजेचं उत्तर म्हणजे हासिल, हिंदीत बेरीज करताना जो हातचा धरतो त्याला हासिल म्हणतात, आणि आपला शब्द बघा, हातचा, तोच अर्थ, हाती आलेला. इंडोनेशियात बेरहासिल म्हणजे यश मिळणं. आणि जमिनीतनं जे पिकतं त्याला तिथं म्हणतात हासिल बुमी. बुमी म्हणजे आपली भूमी, संस्कृतची. एक शब्द अरबस्तानातला एक आपला, दोघं जहाजानं तिकडं गेले आणि तिथं शेतात भेटले. मलेशियातल्या कर खात्याच्या नावात पण हासिल आहे, हे मी ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांना फार नवल वाटलं, दिवसभर तेच काम करणारी आम्ही माणसं. आणि मराठीत अजून एक हशील होता जो आता जवळपास गेला, टपाल हंशील. जुन्या पुस्तकांच्या जाहिरातीत किंमतीपुढं लिहिलेलं असायचं, टपाल हंशील वेगळं. पोस्टाचा खर्च. आजोबांच्या ट्रंकेत जुनी मासिकं आहेत त्यात मी लहानपणी वाचायचे आणि मला ते एखाद्या गावाचं नाव वाटायचं.

गेल्या रविवारी गावाला मळणी होती. मशीन दुपारी येणार म्हणाले आणि आलं दिवस कलताना, तासाभरात सगळं उरकून पुढच्या रानात गेलं, एवढ्या शाळवाला आता तेवढाच वेळ लागतो. पोती तात्यांनी मोजून घेतली, पहिल्या पोत्याला लाभ म्हणाले, अजून म्हणतात. पोती ट्रॉलीत चढली, माणसं गेली, आणि आई केरसुणी घेऊन मागं राहिली. जिथं मशीन उभं होतं तिथली जमीन झाडून तिनं मातेरं एका जागी केलं, सुपात घेतलं आणि पाखडायला बसली. मी तिच्याशेजारी बसून खडे वेचत होते आणि तिला सांगितलं, आई, अरबी लोक ह्याला हुसाला म्हणतात.

"त्यांच्यात बी झाडून घेत्यात व्हय," आई म्हणाली. सुपातलं बरंचसं पाटीत पडलं, उरलेलं मातीचं मूठभर तिनं कोंबड्यांपुढं टाकलं. दिवस मावळायला आलेला. त्या टिपून झाल्यावर खुराड्याकडं निघाल्या तशी आईनं त्यातली एक उचलली, गळ्याखाली बोटांनी चाचपून बघितलं, आजी बघायची तसंच, आणि म्हणाली, "भरलीया." मग दुसरी उचलली.